रूबेन मिस्त्रीचं दार

वाफेच्या पाइपाला रूबेन मिस्त्री कधी हात लावायचा नाही. हाताची उलटी बाजू पाइपापासून बोटभर लांब धरायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "हा तापलाय. तो पलीकडचा निवलाय, व्हॉल्व्ह बघ." मग आम्ही मीटर बघायचो. मीटर तेच सांगायचा. मीटर बिघडलेला असला तरी मिस्त्रीचा हात बरोबर असायचा.

मी तिसरीपर्यंत शिकलोय आणि तिसरीत दोनदा बसलोय. लिहायची सवय नाही. पण मिस्त्रीबद्दल दुसऱ्या कोणी लिहिलेलं मला चालणार नाही, कारण जे झालं ते त्याच्यात आणि माझ्यात झालं. तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणायचो आणि मनात तो. लिहितानाही तोच येतोय, तर राहू दे.

नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. सातिवलीला कापड रंगवायचा एक कारखाना होता. मिस्त्री तिथे बॉयलर सांभाळायचा आणि मी त्याच्या हाताखाली भट्टीत कोळसा मारायचो. अंगाने काटकुळा, डोक्यावर सदा टोपी, खांद्यावर फडकं. शनिवारी कामावर येणार नाही, त्याच्या बदल्यात रविवारी एकटा येऊन बॉयलर साफ करणार, असं शेठकडून कबूल करून घेतलेलं. पहिले दोन महिने मला तो ख्रिस्ती वाटला. वसईत असं नाव ऐकलं की कोणालाही तेच वाटणार.

"मिस्त्री, तुमचं चर्च कुठलं?" मी विचारलं.

"चर्च नाही रे, मशीद. ठाण्याला."

"म्हणजे मुसलमान?"

"नाही. बेने इस्राएल. ज्यू म्हणतात ते. आमचे म्हातारे देवाच्या घराला मशीदच म्हणायचे. अलिबागकडे आमचे तेलाचे घाणे होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं."

"मग तुम्ही तेली?"

"तेल गेलं. शनिवार राहिला."

बोलणं असं मोजकं. वसईत राहून कोळंबी खायचा नाही, याचं आम्हाला वाईट वाटायचं. कोणी डब्यातून पुढे केली तर म्हणायचा, "वास घेतो. वासाला मनाई नाही." मटण खाल्लं त्या दिवशी चहा कोरा, मटणावर दूध चालायचं नाही. घरच्या माणसांची नावं एवढी अवघड की आम्ही विचारायचं सोडून दिलं. त्याच्या बायकोचं तेवढं नाव सोपं होतं, राहेल. तिला आम्ही वहिनी म्हणायचो.

त्याची एक गोष्ट मात्र मला फार खटकायची. मी पडलो रत्नागिरीकडचा. पाल चुकचुकली की पाय मागे घेणारा, घराबाहेर पडताना कोण आडवं आलं ते बघणारा. गावच्या देवीला कौल लावल्याशिवाय आमच्या घरात लग्नाचं बोलणं झालं नाही. देवीच्या अंगावर फुलं लावायची आणि उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आणि हा माणूस "संध्याकाळी पाऊस येईल का" एवढंही सांगायचा नाही. विचारलं की बॉयलरवरच्या काचेकडे बोट करायचा. बॉयलरच्या तोंडावर काचेची एक उभी नळी असते, आतलं पाणी किती ते ती दाखवते. म्हणायचा, "ही बघ. आत्ता पाणी किती आहे ते ही सांगते. तासाभराने किती असेल ते तू काय करतोस त्यावर आहे."

एकदा पगार झाला त्या दिवशी आम्ही चौघे त्याला ओढून नालासोपारा स्टेशनबाहेरच्या पोपटवाल्याकडे घेऊन गेलो. पोपट पिंजऱ्यातून आला आणि त्याने चोचीने एक पाकीट ओढलं. पोपटवाला ते उघडणार, तेवढ्यात मिस्त्रीने त्याचा हात धरला. त्याचे पैसे दिले, खिशातले चणे पोपटापुढे ठेवले आणि उठला.

"अहो, ऐका तरी!" मी म्हटलं.

"आमच्या पुस्तकात मनाई आहे."

"कसली? पोपटाची?"

"विचारायची," मिस्त्री म्हणाला. "पोपट बिचारा उपाशी होता."

आम्ही हसलो. मी तर आठवडाभर त्याची नक्कल करून दाखवत होतो.

त्यानंतर काच फुटली. शुक्रवार होता. दुपार कलल्यावर, मी फावडं घेऊन समोर उभा असताना बॉयलरवरची ती काचेची नळी फुटली. उकळतं पाणी आणि वाफ माझ्या डाव्या हातावर आणि मानेवर आली. पुढचं मला आठवत नाही. इस्पितळातून बाहेर आलो तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती आणि माझ्यावर ठपका आलेला होता. बॉयलरजवळ खिळ्याला एक रजिस्टर टांगलेलं असायचं. त्यात मिस्त्रीने त्या दिवशी लिहिलं होतं, "काच तपासली, ठीक." खाली सही. शेठने चौकशीच्या साहेबाला तेच दाखवून सांगितलं, चांगली काच आपोआप फुटत नाही, या माणसाने तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं असणार. मी मारलं नव्हतं. पण मी तिसरी शिकलेला आणि ते रजिस्टर सहीचं. भाजलेल्या हातासकट मला घरी बसवलं.

तेव्हा आम्ही तुळिंजला चाळीत राहायचो, पहिल्या मजल्यावर, टोकाच्या खोलीत. गणपती नुकते गेले होते. एका सकाळी मिस्त्री जिना चढून आला. पांढरा सदरा, पांढरी पँट. उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"शांताराम, काचेला तडा होता. केसाएवढा. मी सकाळी बघितला होता. तरी ठीक लिहिलं. तू पाणी मारलं नाहीस. चूक माझी. माफी मागायला आलोय."

शेजारच्या बायका बाहेर आल्या. माझी बायको सुलू हातात पोळपाट घेऊन तशीच उभी राहिली.

"का लिहिलं?" मी विचारलं.

"काच बदलायची तर बॉयलर थंड करावा लागतो. सबंध दिवस जातो. शुक्रवार होता. दिवस मावळायच्या आत मला घरी पोचायचं होतं, आमचा शनिवार तेव्हा लागतो. तुझी वहिनी दिवा लावते. त्या दिव्यासाठी मी घाई केली आणि तुझा हात जळला."

"मग देवासाठी केलं ना? जा, देवाकडेच माफी माग."

"गेलो होतो," तो म्हणाला. "त्याच्याविरुद्धचं तेवढंच तो माफ करतो. माणसाचं माणसानेच करायचं असतं. ते झाल्याशिवाय तो दारात उभं करत नाही."

मी जवळचा तांब्या उचलून भिंतीवर मारला. तो खाली वाकला, तांब्या उचलून सरळ ठेवला आणि गेला. नंतर कळलं, माझ्याकडे यायच्या आधीच त्याने हेच सगळं कागदावर लिहून शेठला आणि त्या साहेबाला दिलं होतं. साहेब म्हणाला, चौकशी संपली. शेठने त्याच दिवशी त्याला काढून टाकलं.

हे मला ठाऊक होतं. तरी सातिवलीच्या चहाच्या टपऱ्यांवर मी काय सांगत फिरलो? मिस्त्रीने शेठकडून पाकीट खाल्लं आणि ठीक लिहिलं. एकाला सांगितलं, दहा जणांपर्यंत गेलं. त्याला कुठे काम मिळेना. तीन कारखान्यांत मिस्त्री म्हणून त्याचं नक्की होत आलं आणि मोडलं. मला ते कळायचं आणि बरं वाटायचं. भाजलेल्या जागी खाज सुटली की खाजवल्यावर बरं वाटतं ना, तसं.

दुसऱ्या वर्षी तो पुन्हा आला. सोबत तीन माणसं. एक ठाण्याचा त्याचा मेव्हणा, एक त्याच्या शेजारचा केळीवाला आणि एक शिंपी. तिघेही आंघोळ करून, केस चापून बसवून आलेले. चाळीत बोभाटा झाला. खालच्या मजल्यावरची म्हातारी ओरडली, "शांताराम, अरे मुलगी बघायला आले की काय? तुझी तर अजून पाचवीत आहे!"

केळीवाला लाजून म्हणाला, "आम्हाला काय ठाऊक नाही. हा म्हणाला तीन माणसं लागतात."

त्यांच्या धर्मात तशी रीत आहे, हे तेव्हा समजलं. नव्याचा सण, म्हणजे त्यांचा पाडवा, झाला की दहा दिवस मिळतात. कधी आमच्या गणपतीच्या दिवसांत येतात, कधी घट बसतात तेव्हा. त्या दहा दिवसांत ज्याचं वाईट केलं असेल त्याच्या दारी जायचं. तो नाही म्हणाला तर माणसं घेऊन पुन्हा जायचं. तीन वेळा जायचं. दहाव्या दिवशी दारफाळणीचा सण. त्या दिवशी पांढरे कपडे घालायचे, पाणीसुद्धा प्यायचं नाही, कोणाला शिवायचं नाही. पूर्वी गावात आपापली दारं लावून आत बसायचे, म्हणून ते नाव. मिस्त्री म्हणायचा, आता लोक मशिदीत जातात, पण नाव तेच.

मी तिघांना चहा दिला आणि मिस्त्रीला दिला नाही. माझं उत्तर तेच होतं.

तिसऱ्या वर्षी तो आला, मी पुन्हा नाही म्हटलं. ठाण्याचा मेव्हणा वैतागून त्याला म्हणाला, "रूबेन, झालं तुझं. तीनदा आलास. आता दोष याच्यावर." मला वाटलं, सुटलो. चौथ्या वर्षी मिस्त्री एकटाच जिन्यात उभा.

"तुमच्या धर्मात तीन वेळाच आहे ना?" मी म्हटलं.

"धर्मात आहे. माझ्या रजिस्टरात नाही."

त्या वर्षी सुलूला त्याची दया आली. ती बाहेर जाऊन त्याच्याशी बोलली, मी आत दाराआड ऐकत होतो.

"मिस्त्री, एक सांगू? दिवाळीत आम्ही गावी जातोय. आमच्या देवीला कौल लावते. हे माफ करतील की नाही ते विचारते. उजवं पडलं तर या. डावं पडलं तर कशाला उगाच चपला झिजवता? आमची देवी खोटं बोलत नाही."

मिस्त्रीने टोपी सारखी केली. मग म्हणाला, "वहिनी, तुमच्या देवीला माझा नमस्कार सांगा. पण विचारू नका. उजवं पडलं तर पुढच्या वर्षी मी प्रसाद घ्यायला आल्यासारखा येईन. डावं पडलं तर येणारच नाही. दोन्हीकडून माझं काम बुडालं."

"पण मनाला शांती तरी?"

"पुढचं काय होणार ते त्याच्याकडे आहे. माझ्याकडे मागचं तेवढं आहे. एवढंच मला उचलता येतं."

जिना उतरताना त्याचे गुडघे वाजले, ते मला आत ऐकू आलं. मी पाचव्या वर्षीही नाही म्हटलं. सहाव्याही. का म्हटलं ते विचारू नका. पहिल्यांदा रागाने म्हटलं, नंतर आधी म्हटलं होतं म्हणून म्हटलं.

तोवर मला सातिवलीतच पहारेकऱ्याची नोकरी लागली होती. शेजारी थर्माकोलचा एक गाळा होता आणि त्यात लहानसा बॉयलर. एक दिवस बघतो तर तिथे मिस्त्री. पगार आधीच्या निम्मा, पद हेल्परचं, पण बॉयलर त्याच्याकडे. आम्ही एकमेकांकडे बघायचो. तो मान हलवायचा, मी हलवायचो नाही.

उन्हाळ्यातला एक शुक्रवार. दुपारी चारच्या सुमारास शेजारून आरडाओरडा ऐकू आला. मी फाटकाशी गेलो. गाळ्याचा सुपरवायझर, पंचविशीचा पोरगा, हातात रजिस्टर नाचवत होता.

"मिस्त्री, केसाएवढा तडा आहे! संध्याकाळपर्यंत काही होत नाही. गाडी कामणच्या गोदामात जायची आहे. ठीक लिहा आणि तुम्ही घरी जा ना, तुमचा शुक्रवार आहे!"

मी डावा हात पाठीमागे घेतला. देवाशपथ सांगतो, त्या पोराला काही ठाऊक नव्हतं. तोच वार, तेवढाच तडा, तोच शब्द. मिस्त्रीने भट्टीचं दार उघडलं आणि लांब सळईने जळते निखारे बाहेर ओढायला सुरुवात केली. पोरगा शिव्या देत होता. मिस्त्री ओढत होता. शेवटचा निखारा बाहेर आला तेव्हा त्याने बॉयलरसमोर एक डबा पालथा घातला आणि त्यावर बसला.

"आता घरी तरी जा!" पोरगा म्हणाला.

"मी गेलो की तू पेटवशील."

दिवस कलला. तो बसून राहिला. ओठ हलत होते, प्रार्थना असावी. घरी वहिनीने दिवा लावला असेल, त्याची जागा रिकामी ठेवून. बॉयलर पुरता निवेपर्यंत, पोरगा कंटाळून कुलूप घालून जाईपर्यंत तो हलला नाही. मग उठला आणि चालू लागला. दिवस मावळला होता, म्हणजे त्याचा शनिवार लागला, आता त्याला गाडीत बसणं चालत नव्हतं. एक रिक्षावाला ओळखीचा असावा, त्याने गाडी थांबवली. मिस्त्रीने हात जोडले. त्या गुडघ्यांनी सातिवलीपासून वसईच्या आपल्या घरापर्यंत तो पायी निघाला. रस्त्याच्या कडेने, खांबाला टेकत, पुन्हा चालत. दिसेनासा होईपर्यंत मी फाटकात उभा होतो. माझ्या उभ्या आयुष्यात मी देवळं बघितली, यात्रा बघितल्या, अंगात आलेली माणसं बघितली. अंगावर काटा त्या दिवशी आला.

सकाळी त्या गाळ्यात जाऊन रजिस्टर बघितलं. तिसरी शिकलेल्याला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "काचेला तडा. बॉयलर बंद." खाली सही. पुढच्या आठवड्यात त्याला तिथूनही काढलं.

मी मनाशी म्हटलं, यंदा आला की सांगून टाकायचं. यंदा आला की. मी कसा जाणार? जळालेला हात माझा होता ना!

त्या वर्षी त्यांचे दहा दिवस आणि आमचे घट बरोबर एकत्र आले. आमच्या घटातलं धान हातभर वर आलं. सुलू म्हणाली, चांगलं लक्षण. मी रोज सकाळी जिन्याकडे कान लावून बसायचो. कावळा ओरडला की वाटायचं, आज येणार. पापणी लवली की वाटायचं, आज नक्की. आठ दिवस गेले. नववा दिवस खंडेनवमीचा. सातिवलीत सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा घालून पूजा झाली. दुपारी मी प्रसाद आणि फुलं घेऊन घरी आलो आणि पहिलं विचारलं, "कोणी आलं होतं?"

सुलू भाजी चिरत होती. वर न बघता म्हणाली, "सहा वर्षं तो माणूस न विचारता येत होता. तुम्ही नऊ दिवस कावळ्यांना विचारताय. उठा आता."

उठलो. हातात झेंडू तसाच. वसईला केळीवाल्याला गाठून मिस्त्रीचं घर शोधून काढलं. बैठ्या चाळीतली कडेची खोली. सूर्य झाडांच्या खाली गेला होता, त्यांचा दहावा दिवस लागत होता. दारात राहेलवहिनी उभी होती, डोक्यावर पांढरा पदर. मला बघून दचकली.

"आत येऊ नका हो! त्यांची आंघोळ झालीय, पांढरं घातलंय. आता शिवायचं नाही. गुडघ्यांनी यंदा ठाण्याला जाणं झालं नाही, तर म्हणाले जुन्या रीतीने दार लावून घरीच बसू. तुमच्याकडे यायला आठवडाभर निघत होते. परवा जिन्याचा विचार करूनच रडले."

आतून मिस्त्री आला. काठी टेकत, पायात काही नाही, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. उंबऱ्याच्या आत तो, बाहेर मी. नेहमीच्या उलट.

"शांताराम," तो म्हणाला, "दार लावायची वेळ झाली."

"मिस्त्री, मी सातिवलीत तुमच्याबद्दल खोटं पसरवलं. पाकीट खाल्लं म्हणून सांगितलं. खाल्लं नव्हतं, ते मला ठाऊक होतं."

"मलाही ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षापासून. केळीवाल्याने सांगितलं."

"मग एवढी वर्षं दारात उभे राहायचात, एकदाही बोलला नाहीत?"

"मी माझं घेऊन येत होतो. तुझं तू आणायचंस."

मी म्हटलं, "आणलंय."

"दिसतंय. दिलं सोडून."

"तुमचंही."

"काय माझंही? नीट बोल. एवढी वर्षं थांबलोय, अर्धवट नको." आणि तो हसला. पोपटासमोर चणे ठेवताना हसला होता तसा.

"माफ केलं, मिस्त्री. काच, हात, सगळं."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं, पडतोय की काय, म्हणून मी भाजलेला हात पुढे केला. त्याने तो धरला नाही, त्या दिवशी धरायचा नसतो. आपला हात उलटा केला आणि माझ्या चिकटलेल्या बोटांपासून बोटभर लांब धरला. पाइपाजवळ धरायचा तसा. बराच वेळ.

"निवलाय," तो म्हणाला.

त्याच हिवाळ्यात त्यांचा मुलगा येऊन दोघांना परदेशी, इस्राएलला घेऊन गेला आणि दोन वर्षांनी केळीवाल्याकडे पत्र आलं, मिस्त्री गेला म्हणून. म्हणजे मी शेवटचा बघितलेला मिस्त्री तोच, उंबऱ्याच्या आत पांढरा. त्या संध्याकाळी वहिनीने दोन्ही फळ्या ओढल्या. मधली फट बारीक होत गेली, त्याच्या सदऱ्याची एक पट्टी दिसत राहिली, मग तीही गेली. आतून कडी सरकली. मी पायरीवर उभा होतो, हातात झेंडू तसाच.